साळव्याचं नाक

सहा वर्षं मी हे लिहायचं टाळलं. बायकोने दोनदा कागद-पेन समोर ठेवलं, मी त्यावर वाणसामानाची यादी केली. आता साळवे राहिला नाही, मीही पंचाहत्तरी ओलांडली, तेव्हा लिहून टाकतो.

दिगंबर साळवे बरणीतल्या यीस्टची हजेरी घ्यायचा. निगडीत आमच्या थेट वरच्या मजल्यावर तो एकटा राहायचा आणि घरी बिअर करायचा. त्यासाठी आधी विरजण लावावं लागतं. बार्लीच्या माल्टची पावडर पाण्यात उकळायची, गार झाली की मागच्या खेपेचं राखलेलं यीस्ट तिच्यात सोडायचं आणि येताजाता बरणी हलवायची. मग साळवे झाकण उचलून नाक आत घालायचा आणि जाहीर करायचा, "आली. पहिली शिफ्ट कामावर आली."

"थेट बिअरच्या पिंपात का नाही टाकत?" मी एकदा विचारलं.

"काळे, तुला पहिल्याच दिवशी मोठ्या मशीनवर उभा केला होता का रे? गांगरला असतास. यांनाही आधी थोडं काम द्यायचं. ओव्हरटाइम नंतर."

शिफ्ट चालू असली की तो टीव्हीचा आवाज बारीक करायचा. कुरिअरवाल्याच्या हातातसुद्धा बरणी द्यायचा. "जरा हलवा, भाऊ. सही मग करतो."

पण ते नाक साधं नव्हतं. महाळुंग्याच्या कंपनीत आम्ही बरोबर होतो. मशीन गार ठेवणारं तेलपाणी सडू लागलं की लॅबचा रिपोर्ट यायच्या दोन दिवस आधी साळवे सांगायचा, "बदला." साहेबलोक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे. त्याची बायको वारली, मुलगी लग्न होऊन रावेतला गेली. त्याच्यापाशी मिरवण्यासारखं हे नाकच उरलं होतं, आणि महिन्यातून एका गुरुवारी त्याच्या गॅलरीत जमणारे आम्ही निवृत्त दोस्त.

एकदा तो लग्नासाठी दोन दिवस जालन्याला गेला. बरणी माझ्याकडे आली. "हलवत राहा. झाकण मात्र ढिलंच ठेव."

मी छत्तीस वर्षं फिटर. ढिलं काही मला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी ओट्याजवळून जाताना हात आपोआप गेला आणि झाकण गच्च आवळलं गेलं. दुपारी स्वयंपाकघरात स्फोट झाला. फेस छताला, काचा पोळ्यांच्या डब्यापर्यंत.

बायको धावत आली. "अहो, कुकर गेला का?"

"साळव्याची पहिली शिफ्ट गेली."

"मग खरं सांगून टाका त्यांना."

मी खरं सांगितलं नाही. बेकरीतून पावाचं यीस्ट आणलं, गुळाच्या पाण्यात कालवलं आणि तसल्याच दुसऱ्या बरणीत भरलं.

साळवे आला. नाक आत घातलं आणि थांबला. "काळे, वास निराळा येतोय रे."

"मला तर तोच वाटतोय."

त्याने पुन्हा हुंगलं. मग माझ्याकडे पाहिलं. "असेल. तू म्हणतोस म्हणजे असेल."

त्या बरणीतून झालेली बिअर महिन्याच्या गुरुवारी ग्लासात पडली. आमच्यातला पवार म्हणाला, "साळवे, ही प्यायची, का हिच्यात बटर बुडवायचा?" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने. साळवेही हसला. "नाक गेलं राव माझं," म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने पिंप भंगारात दिलं. आमचे गुरुवार बंद झाले.

त्यानंतर रोज सकाळी तो दुधाचं पातेलं घेऊन खाली यायला लागला. "बघ रे, चांगलंय का? मला आता काही कळत नाही." मी हुंगून "चांगलंय" म्हणायचो, तो तासभर बसायचा.

"दूध चांगलंच असतं," बायको म्हणाली. "वर एकट्याला करमत नाही त्यांना."

एका सकाळी मात्र तो दारातच अडखळला. "आज गेलंय, असं वाटतंय. पण माझं काय खरं? तू बघ."

दूध खरंच नासायला लागलं होतं, इतकं किंचित की मला दोनदा हुंगावं लागलं.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो.

"काय सांगतोस!" त्याचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "लागला असेल नेम."

बायको मागे उभी राहून माझ्याकडेच बघत होती. नेम नाही, साळवे, तेव्हाही तुझंच बरोबर होतं, झाकण मी आवळलं, मला माफ कर. एवढं सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

"बस," मी म्हणालो. "कोरा चहा चालेल ना?"