हिरवी हॉर्नला, तांबडी ब्रेकला

वायर विकत घेण्यापूर्वी ती चावून बघणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज दुसरा माझ्या पाहण्यात नाही. ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात अण्णा वायरीचं टोक दाढेखाली धरत, डोळे मिटत आणि लोणच्याची फोड चाखल्यासारखा चेहरा करून निकाल देत, "तांबं कोवळं आहे. दुसरी काढा." दुकानदार माझ्याकडे बघे. मी पंख्याकडे बघे.

सासुरवाडीनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर 'लाज' असं आहे. ही लाज चार चाकांवर येई. अण्णा गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, पोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आजोबांच्या घोडागाडीच्या तबेल्यात बसून त्यांनी स्वतःच्या हातानं एक मोटार जमवली होती. सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं, दारं तिसरीची. हँडब्रेक मात्र तिघींपैकी एकीनेही दिला नव्हता. दर सणाला ही गाडी मला न्यायला परळला येई आणि आमची अख्खी चाळ गॅलरीत जमे.

"जावईबापू, पुढचं दार दोरीनं बांधलंय, मागून चढा!" अण्णा खालून ओरडत. मी मान खाली घालून चढे.

सासूबाई गेल्या, त्यानंतर काही महिन्यांनी गाडीच्या बॉनेटमधून धूर निघाला. सुती वेष्टणाच्या जुन्या वायरी पार जळाल्या होत्या. आता ही ब्याद टळली म्हणून मी मनातून सुखावलो होतो, तोच आमच्या परळच्या पोरांनी घोळ घातला. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. परळचा पूल उतरल्यावरच्या नाक्यावर, गोळीबारात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहायला सभा होती आणि लाउडस्पीकरचा कर्णा न्यायला पोरांना गाडी हवी होती. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी अण्णांची गाडी आपण होऊन मागत होतं. अण्णांचे डोळे पाणावले. "नवीन वायरिंग घालतो. कामाला कमी पडणार नाही," ते म्हणाले.

म्हणून आम्ही त्या दुकानात. पाचसहा वायरी चावून झाल्यावर दुकानदारानं वैतागून तयार जुडगाच पुढे टाकला. प्रत्येक वायर वेगळ्या रंगाची, सोबत छापील नकाशा. "हिरवी हॉर्नला, तांबडी ब्रेकच्या दिव्याला. आंधळासुद्धा जोडील, साहेब."

अण्णांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. मग नेहमीचं ठेवणीतलं वाक्य त्यांनी काढलं, "रंग बघून जोडतो तो रंगारी. कारागीर वायरीचा स्वभाव बघतो." पण जुडगा घेतला. तबेल्यात त्यांनी मला येऊ दिलं नाही.

सभेच्या दिवशी ते उशिरा आले. कर्णा टपावर बांधून निघालो. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि हॉर्न किंचाळला.

"अण्णा, थांबताना हॉर्न वाजतोय!"

"मग बरंच आहे. सभ्य माणसानं थांबताना सांगून थांबावं."

"आणि हॉर्न दाबला की?"

"मागचा दिवा लागतो. ओरडण्यापेक्षा तेही बरं."

मला हसू आलं. पूल चढेपर्यंत ते टिकलं. उताराला लागलो आणि खाली पाहिलं, तर कर्ण्याची वाट न बघता सभा सुरू झाली होती. माणसं माना खाली घालून स्तब्ध उभी होती. हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळणं चालू होतं.

अण्णांनी ब्रेक दाबला.

पाय काढावा तर गाडी माणसांत, ठेवावा तर हॉर्न. बोटीच्या भोंग्यासारखा तो एकसारखा वाजत राहिला. अण्णांनी पाय काढला नाही. मी मागून उडी मारली, दगड शोधून चाकाखाली सरकवला, तेव्हा कुठे आवाज थांबला. तोवर शांतता संपली होती. "अरे म्हाताऱ्या, आज तरी गप रव मरे!" एक गिरणी कामगार कळवळून म्हणाला. पुढे एक बाई मुलाचा फोटो छातीशी धरून उभी होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चांगलं खडसावायचं ठरवून तबेल्यात शिरलो. अण्णा जमिनीवर बसले होते. जुडगा उपसून मांडीवर घेतला होता.

"भंगारवाल्याला बोलावलंय," ते म्हणाले. "त्या बाईच्या डोळ्यांपुढे मी... जावईबापू, मला तांबडं-हिरवं कळत नाही. जन्मापासून. दोन्ही मातकट दिसतात."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं?"

"तुमची सासू सांगायची. इथे शेजारी बसून एकेक वायर हातात द्यायची. आमच्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं."

"मला विचारायचंत. मुलीला विचारायचंत."

"लाज वाटली हो. या वयात हिरवं कोणतं म्हणून विचारू?"

मी कोट काढून खुंटीला लावला, त्यांच्या शेजारी मांडी घातली आणि एक वायर उचलून म्हटलं, "ही हिरवी."

अण्णांनी ती घेतली, पण जोडायला उठले नाहीत. "कशी हिरवी?"

"कशी म्हणजे?"

"ती नुसती हिरवी म्हणत नसे. चिंचेच्या पाल्यासारखी म्हणायची, कैरीच्या सालीसारखी म्हणायची." त्यांनी मान खाली घातली. "मला काही दिसत नाही त्यातलं. पण तुम्ही सांगा. ऐकायला बरं वाटतं."