बैलाचे वरचे दात

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, कोणाचाही निरोप कोणालाही देत नाहीत. घरचा फोन वाजला की ते उचलतात, समोरच्याचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "आय विल नॉट टेल. यू रिंग अगेन." मग फोन ठेवतात आणि मेथीला पाणी घालायला परसात जातात.

तुम्हाला हसू येत असेल. मला येत नाही. यापायी माझी एक चांगली नोकरी हातची गेली. मी ठरल्या वेळी नटूनथटून आमच्या अल्बनी उपनगरातून बसने शहरात इंटरव्ह्यूला पोचले, तर तिथली बाई म्हणाली, "तुमची वेळ सकाळची केली होती. घरी कळवलं होतं आम्ही. एक आजोबा म्हणाले की ते सांगणार नाहीत. आम्हाला वाटलं, गंमत करतायत."

घरी येऊन मी पर्स सोफ्यावर आपटली. "नाना, माझ्यासाठी फोन आला होता?"

"आला होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मी कोण सांगणारा?"

हे त्यांचं पालुपद. नाना दिवसभर कशावर ना कशावर तरी चिडलेले असतात, आणि शेवट ठरलेला. डेअरीतलं दूध महाग, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं. सीगल पक्षी उर्मट. पोरं जॅंडल्स, म्हणजे रबरी सपाता घालून, नाहीतर अनवाणीच बॅंकेत येतात. "ही कुठली पद्धत? पण जाऊ दे, मी कोण सांगणारा." नोकरीभर ते नाशकात वीज मंडळाच्या तक्रार खिडकीवर बसले. लोकांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या की आता त्या व्याजासकट परत करतायत, असा माझा हिशोब आहे.

पण माझा खरा राग वेगळाच होता. तो एकट्या नानांवर नव्हता, माझ्या नवऱ्यावरही होता. माधव आणि नाना एका घरात राहून फक्त हवेबद्दल बोलायचे. "आज वारा आहे." "हो, आहे." झालं, संपलं. आम्ही न्यूझीलंडला नवीन आलो तेव्हा तिकडे सासूबाई आजारी पडल्या. माधवने फोन केला, तर नाना म्हणाले, "काळजी करू नकोस, सावकाश ये." तो सावकाश गेला. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत येताना तो नानांना घेऊन आला, कारण तिकडे त्यांचं करणारं कोणी नव्हतं. पण असं का सांगितलंत, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि नानांनी कधी सांगितलं नाही. दोन मोठे पुरुष तोंडात गुळणी धरून बसलेले, आणि मधे मी, पोळ्या लाटणारी. संताप होतो नुसता.

नानांची बोलचाल होती ती एकाच माणसाशी, आणि दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. शेजारची लिंडा चिनी आहे. तिच्या आईला आम्ही सगळे पोपो म्हणतो. पोपो कुंपणावरून मुळे द्यायच्या, नाना मेथी द्यायचे. नाना मराठीत सरकारला शिव्या घालायचे, पोपो त्यांच्या भाषेत बहुधा जावयाला घालत असाव्यात. दोघांचं छान जमलं होतं.

मग २००९ उजाडलं. चिन्यांचं नवं वर्ष इथे भर उन्हाळ्यात येतं, त्यांच्यात दर वर्षाला एक प्राणी असतो, आणि ते वर्ष बैलाचं होतं. पोपो आणि लिंडा लाल कागदाचा बैल घेऊन आमच्याकडे आल्या. नानांनी विचारलं, बैलाचं काय विशेष? पोपोंनी गोष्ट सांगितली आणि लिंडाने आम्हाला ती इंग्रजीत सांगितली.

बैल आधी स्वर्गात होता. तिथल्या राजाने त्याला निरोप देऊन खाली पाठवलं: माणसांना सांग, नीट कष्ट करा, म्हणजे तीन दिवसांतून एकदा पोटभर जेवाल. बैलाने खाली येऊन सांगितलं, दिवसातून तीनदा जेवाल. राजा भडकला. एवढं पिकवणार कोण? जा, आता तूच नांगर ओढ. असं म्हणून त्याला वरून ढकललं. तो तोंडावर आपटला आणि त्याचे पुढचे वरचे दात पडले. म्हणून आजही बैलाला ते नसतात.

एवढं सांगून पोपो खदाखदा हसल्या. नाना उभे राहिले.

"यात हसण्यासारखं काय आहे? तोंडी निरोप दिला कशाला? आमच्याकडे साधा फ्यूज उडाला तरी लेखी अर्ज लागायचा. जन्मभर ओझी ओढायला लावली बिचाऱ्याला. एका निरोपासाठी? ही कुठली पद्धत?" आणि स्वतःची वरची कवळी काढून त्यांनी पोपोंच्या समोर धरली. "हे बघा. हसा आता."

पोपो आणखी हसल्या. नाना आत निघून गेले, आणि त्या दिवसापासून कुंपणावरून जाणारी मेथी बंद झाली. मी लिंडाची माफी मागितली. मनातल्या मनात म्हटलं, एका बैलापायी हा माणूस आपली एकुलती एक मैत्रीण घालवून बसला. आता दिवसभर माझंच डोकं खाणार.

तसंच झालं. नाना उन्हाळाभर कुंपणाकडे पाठ करून बसले. पोपो कुंपणावर मुळे आणून ठेवायच्या, नाना त्यांना हात लावायचे नाहीत.

ऑगस्टात पोळा आला. इथे तेव्हा कडाक्याची थंडी असते. नानांनी परसातली चिकट पिवळी माती खणून एक बैल केला. मी पूजेला हळदकुंकू घेऊन गेले, तर बैलाच्या उघड्या तोंडात तांदळाचे दाणे ओळीने खोचलेले होते. वरच्या बाजूला.

मी पुरण वाटता वाटता लिंडाला फोन केला आणि म्हटलं, आईला घेऊन जेवायलाच ये. नाना चिडले तर चिडू देत.

पोपोंनी तो बैल हातात घेतला. दात पाहिले. या वेळी त्या हसल्या नाहीत. बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या.

लिंडा म्हणाली, "आई म्हणतेय, तिची आई ही गोष्ट वेगळी सांगायची. बैल चुकला नव्हता. त्याला निरोप नीट पाठ होता. पण खाली येऊन त्याने माणसांची तोंडं पाहिली, आणि त्याला ते सांगवलं नाही."

नानांनी पोळी मोडायची थांबवली. पाहुणे गेले. मग नाना ताट बाजूला सारून म्हणाले, "माधव, तुझा एक निरोप राहिलाय माझ्याकडे."

माधवने मान वर केली.

"तुझ्या आईचा. ती म्हणाली होती, त्याला लगेच बोलवा, मला त्याला बघायचंय. तुझी नोकरी नवी होती. फोनवर तुझा आवाज इतका दमलेला होता. मला वाटलं, आहे अजून वेळ. मला नाही सांगवलं रे."

मी उठून सिंकपाशी गेले आणि भांडी आपटायला लागले, कारण त्याशिवाय मला रडता येत नाही. मागून माधवचा आवाज आला, "आणखी काय म्हणाली ती?" मग नाना सांगत राहिले, आणि तो विचारत राहिला.

पुढच्या आठवड्यात मी कामावरून आले तर नाना दारातच उभे. "प्लंबरचा फोन होता. मंगळवारी सकाळी येतो म्हणाला." नानांनी मला दिलेला पहिला निरोप. मी मंगळवारची रजा टाकली. प्लंबर मात्र, त्याने सांगितलं होतं तसा, सोमवारी येऊन, बेल वाजवून निघून गेला. नाना तेव्हा कुंपणापाशी पोपोंना मेथी देत होते.

मी अशी काही तडकले की विचारू नका. माधवने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, तुम्ही अगदी बैल आहात."

सख्ख्या बापाला बैल म्हणाला. आणि नाना कवळी निसटेपर्यंत हसले.

नळ अजून गळतोच आहे.