जनूकाकांची हनुवटी

जनूकाका वॉशिंग मशीनला हनुवटी लावतात. कान नव्हे, हनुवटी. मशीन फिरायला लागली की झाकणावर दोन्ही पंजे पसरून ते वाकतात, हनुवटी टेकवतात, डोळे मिटतात आणि देवळात उभे असल्यासारखे गप्प होतात. मग डोळे उघडून निकाल देतात. निकाल बहुतेक वेळा एकच असतो : "बेअरिंग गेलं."

आमच्या सोसायटीत नळाला पाणी सकाळी तासभरच येतं. साहजिकच त्या तासात सगळ्यांच्या मशीन एकदम सुरू होतात आणि जनूकाकांची फेरीही त्याच वेळी निघते. कुणी बोलावलं नसलं तरी चालतं. दार उघडं दिसलं की ते आत येतात, थेट मोरीकडे वळतात आणि हनुवटी टेकवतात. ज्या घरात मशीन ठीक चालू आहे तिथून ते थोडे हिरमुसूनच बाहेर पडतात.

काका मूळचे शेलार गावचे. आयुष्य काढलं कापड विणायच्या लूमवर, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं त्यांना लूमच वाटतात. "हिचा धोटा घासतोय," असं ते माझ्या मशीनबद्दल बिनदिक्कत म्हणाले होते. सूत घेऊन पळणारा धोटा मागाला असतो, वॉशिंग मशीनला नसतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "मंग कपडे काय हवेत फिरतात?" म्हणाले. मी शाळेत शिकवते, म्हणून सोसायटीत सगळे मला बाई म्हणतात आणि माझं ऐकतात. जनूकाका बाई म्हणतात, पण ऐकत नाहीत.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या नसीमभाभींच्या मशीनमध्ये भयंकर खडखडाट सुरू झाला. काकांनी हनुवटी लावली. बेअरिंग गेलं. भाभींनी घाबरून मेकॅनिक बोलावला, तर ड्रममधून निघाल्या मुलाच्या खिशातल्या गोट्या. काकांना जराही लाज वाटली नाही. "गोट्या म्हंजी बेअरिंगच की! लोखंडाचं न्हाय, काचेचं हाय, एवढाच फरक."

त्याहून कहर म्हणजे, एकदा याच भाभींच्या मशीनला हनुवटी लावून ते बराच वेळ मान हलवत होते. शेवटी भाभी त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या, "काकाजी, मशीन तो बंद है! ऊपरवाले ड्रिल चला रहे हैं."

काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बंद हाय तरी हलते? मंग तर जास्तच बिघडलीय."

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर फोन ते कधी उचलत नाहीत. "समोर येऊन बोला, फोनवर मानूस कळत न्हाय." शिवाय एकदा बोलायला लागले की समोरच्याला मध्ये तोंड घालू देत नाहीत. गंमत अशी, की बाहेर एवढं बडबडणाऱ्या या माणसाच्या घरातून मात्र कधी आवाज येत नसे. गुलाबकाकू असतानाही नाही. दोघांचा कायमचा अबोला आहे, असं खालच्या मजल्यावरचे खात्रीने सांगत. मलाही ते खरं वाटे.

काकू गेल्या वर्षी गेल्या. त्यानंतर काका आश्चर्य वाटावं इतके सुधारले. तंबाखू सोडली. गच्चीत साठवलेल्या जुन्या विजेच्या मोटर्स भंगारात दिल्या. शेलारला जाऊन धाकट्या भावाला भेटून आले, ज्याचं तोंड पाहणार नाही म्हणून ते वर्षानुवर्षं हटून बसले होते. बायको असताना हे केलं असतं तर बिचारीला किती बरं वाटलं असतं, असं आम्ही आपापसात म्हणत होतो. जरा कुत्सितपणेच म्हणत होतो.

गेल्या आठवड्यात माझी मशीन स्पिनला लागली की ठक् ठक् करायला लागली. मी काकांना बोलावलं. शाळेत सर्दीची साथ आहे, म्हणून मी घरातही मास्क लावून फिरत होते. काकांनी हनुवटी टेकवली, डोळे मिटले, उघडले.

"कधीपासून करते?"

"परवापासून," मी म्हटलं.

"हां. आनि कधीपासून करते?"

"परवापासून, काका!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम खेकसले, "ते तोंडावरचं काढा आधी! मशीनचं मंग बघू."

एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी मास्क काढला. त्यांचा चेहरा उतरला. मशीन बंद करून ते समोरच्या स्टुलावर बसले.

"मला ऐकायला येत न्हाय, बाई. लूमनं कान खाल्ले. अजिबात न्हाय येत. तोंड दिसतं तवा कळतं."

त्यांची हनुवटी, न उचललेले फोन, ती अखंड बडबड, सगळं एकदम उलगडलं आणि आजवर हसल्याचं वाईट वाटलं.

"गुलाब माझ्याच लूमच्या खात्यात सुताच्या कांड्या भरायची," ते म्हणाले. "लूमच्या आवाजात कोनाला काय ऐकू येतंय? आमी ओठांवरच बोलायचो. तिकडनं सांगायची, डब्यात वांगं हाय. लगीन पन तसंच ठरलं. मंग घरी पन तीच सवय. दिवसभर बोलायचो आमी."

म्हणजे तो अबोला नव्हताच. भिंतीपलीकडे दोघं जण आवाज न करता दिवसभर गप्पा मारत होती.

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ती माझ्याकडं बघून कायतरी बोलली. मला ओठ दिसंनात. मी आपलं हो, हो केलं. मान हलवली. तिनं डोळे मिटले, ते पुन्यांदा उघडले न्हाय. मी कशाला हो म्हटलं, तेच मला ठाऊक न्हाय. ती ज्याच्यासाठी माझ्याशी भांडायची ते एकेक करत सुटलो. तंबाखू सोड म्हनाली असंल. भावाशी बोल म्हनाली असंल. पन दुसरंच काय मागून गेली असंल तर? शब्द दिलाय मी."

मग माझ्या तोंडाकडे नजर लावून त्यांनी विचारलं, "तुमी होता तिथं. तुमी ऐकलं असंल."

मी होते. त्या दुपारी काकांचा डबा मीच घेऊन गेले होते. काकूंचा आवाज अगदी बारीक होता, पण मी पलंगाशीच उभी होते. ते शब्द इतके साधे होते, की ते कुणाला सांगायचे असतात हे माझ्या कधी मनातच आलं नाही.

"काही मागितलं नाही हो त्यांनी," मी एकेक शब्द सुटा करून म्हटलं. "त्यांनी विचारलं, जेवलात का?"

"पुन्यांदा बोला."

"जेवलात का. एवढंच."

काकांचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलले. त्यांनी ते शब्द आवाज न करता दोन-तीनदा म्हणून पाहिले, काकूंच्या तोंडी ते कसे दिसले असते ते बघत असावेत. मला वाटलं, आता यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

"पन मी जेवलो न्हवतो, बाई," ते म्हणाले. "तुमचा डबा उघडला पन न्हवता. सकाळपासून पोटात काय न्हवतं नि मी तिला हो म्हटलं."

तुमचं हो ऐकूनच त्यांनी निवांत डोळे मिटले, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, मी पाहिलंय, असं मी त्यांना सांगू लागले. सगळं नीट, सावकाश सांगितलं. पण काकांनी चेहरा ओंजळीत झाकून घेतला होता, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.