हार्लनच्या रिव्हॉल्व्हरचा चाप

ईस्टरला चार दिवस उरले होते आणि व्हर्लिनची खात्री पटली होती, की त्याच्या साडूने रिव्हॉल्व्हरमध्ये काहीतरी गडबड करून ठेवली आहे.

रिव्हॉल्व्हर त्यांच्या सासऱ्याचं. हार्लन तीस वर्षं आमच्या काउंटीत डेप्युटी शेरीफ होता. जाताना त्याने एक कागद लिहून ठेवला : नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून वसंतातल्या ईस्टरपर्यंत ते थोरल्या जावयाकडे, म्हणजे व्हर्लिनकडे, आणि ईस्टरपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत धाकट्या डेलमरकडे. खाली एकच अट होती. जो याच्यात स्क्रूड्रायव्हर घालेल त्याचा हक्क गेला, ते कायमचं दुसऱ्याचं. हार्लनने ही अट उगाच घातली नव्हती. या दोघांनी एकदा त्याचं गवत कापायचं यंत्र 'दुरुस्त' करायला उघडलं होतं, ते आजही शेडमध्ये तीन खोक्यांत पडून आहे.

तर त्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागत होता. जुन्या पद्धतीचं ते. नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जावा, गोळ्यांचं चक्र फिरावं आणि घोडा पडावा. हार्लनच्या हातात ते लोण्यासारखं चालायचं. व्हर्लिनच्या हातात बिजागरी गंजलेल्या फाटकासारखं. सहा हिवाळे त्याने सोसलं. पण या वर्षी शनिवारच्या नेमबाजीत त्याचा नंबर शाळेतल्या ग्रंथपाल बाईंच्याही खाली गेला, आणि त्या डाव्या हाताने मारतात.

डेलमरनेच आतला एखादा भाग बदलला असणार. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा माणूस तो, त्याचा हात शांत बसेल कसा? मात्र आरोप करायचा तर पुरावा हवा, आणि पुरावा होता बाजूच्या झाकणाखाली. व्हर्लिनने गॅरेजला आतून कडी लावली. चक्र बाहेर काढलं, गोळी राहिली नाही ना म्हणून सहाही भोकांतून उजेड पाहिला, पुन्हा एकदा पाहिला. मग स्क्रू काढून मफिनच्या साच्यात ओळीने ठेवले. झाकण उचकटायचं नसतं, हे त्याला हार्लननेच सांगितलं होतं. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चौकटीवर हलके ठोके दिले की ते आपण होऊन वर येतं. तसं ते आलं.

पुरावा काही निघाला नाही. सगळे भाग जुनेच, फक्त पिवळ्या चिकट थराने माखलेले. आता शहाण्या माणसाने झाकण लावून टाकलं असतं. पण चाळीस वर्षं शाळेची बस चालवताना तिचं इंजिन स्वतः धुणाऱ्या माणसाला तो थर बघवेना. त्याने ग्रीस विरघळवणारा सॉल्व्हंट लावला, नडीनचा, म्हणजे बायकोचा, दात घासायचा ब्रश घेतला आणि तासभर घासलं. थर हलेना. शेवटी वैतागून गरम पाणी ओतलं तर सगळं झरझर निघून आलं. तेलाचा गाळ गरम पाण्याने निघतो कसा, असा प्रश्न इथे पडायला हवा होता. व्हर्लिनला पडला नाही. त्याने नडीनच्या केस वाळवायच्या यंत्राने एकेक भाग कोरडा केला, सांध्यांवर सुईने तेलाचा एकेक थेंब सोडला आणि झाकण बसवलं.

चाप ओढला. घोडा अलगद गेला, चक्र फिरलं, घोडा पडला. व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. हा हार्लनचा चाप होता. त्याने आणखी वीस वेळा ओढला, आणि एकविसाव्या वेळी चापावरून बोट काढून घेतलं. रविवारी डेलमर हाच चाप ओढणार. एका झटक्यात ओळखणार. रिव्हॉल्व्हर कायमचं त्याचं होणार आणि तो ते दुकानात काचेच्या पेटीत टांगणार.

तेवढ्यात नडीनने दार ठोठावलं. आत कडी का, हा वास कसला आणि माझा ब्रश कुठे आहे, असे तीन प्रश्न तिने एका दमात विचारले. तिचा संशय वेगळाच होता. डॉक्टरांनी बंद केलेली सिगारेट याने पुन्हा धरली आणि वास घालवायला तो ब्रश वापरला. व्हर्लिनने क्षणभर विचार केला आणि कबूल केलं. न ओढलेल्या सिगारेटसाठी त्याने तीन दिवस बोलणी खाल्ली, उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि वर पाद्रीबाबांसमोर शपथही घेतली.

शनिवारी त्याने मन घट्ट केलं. तव्यातली बेकनची चरबी, चिमूटभर मैदा आणि कपडे वाळवायच्या यंत्रातला लोकरीचा भुगा कालवला, आणि लोण्यासारख्या चालणाऱ्या त्या रिव्हॉल्व्हरच्या पोटात स्वतःच्या हाताने भरला. भरताना तो हार्लनची माफी मागत होता.

रविवारी सासूबाईंकडे, ओपलकडे, हॅम झालं, बटाटे झाले, ॲपल पाय झाला. मग टेबलावर रिव्हॉल्व्हर आलं. चक्र उघडून ते रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं गेलं. डेलमरने नेम खिडकीबाहेरच्या मातीच्या ढिगावर धरला आणि चाप ओढला. तो अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला, ना पुढे ना मागे. मिश्रण जरा जास्तच झालं होतं.

"माझ्याकडून गेलं तेव्हा हे असं नव्हतं," डेलमर डोळे बारीक करून म्हणाला.

"थंडी फार होती यंदा," व्हर्लिन म्हणाला.

दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. ओपलने शांतपणे कॉफी ढवळली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण नजर अशी की तिच्यासमोर पत्ते खेळायला गावात कोणी बसत नाही.

"एक सांगायचं राहिलंच," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात हार्लन मला म्हणाला, तो कागद म्हणजे नुसती परीक्षा आहे. यंत्र घाण झाल्यावर अट मोडून ते साफ करायची अक्कल ज्याला असेल, त्यालाच देऊन टाक."

डेलमरने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. मग दोघे एकदमच उठले.

"मी केलं साफ. बुधवारीच केलं," व्हर्लिन म्हणाला.

"बुधवारी? मॉम, मी दर उन्हाळ्यात करतो. सहा वर्षं झाली."

"बरं झालं, कळलं." ओपलने रिव्हॉल्व्हर उचललं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. "म्हणजे कागदाप्रमाणे दोघांचाही हक्क गेला."

"पण हार्लन तर म्हणाला होता ना," व्हर्लिन अडखळला.

"शेवटच्या आठवड्यात त्याची वाचा गेली होती, बाबा. तुम्हीच दोघं आळीपाळीने त्याच्या उशाशी बसला होतात."

साडू पडवीत येऊन उभे राहिले.  सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यात भांडायला काही उरलं नव्हतं.

"दर उन्हाळ्यात साफ करायचास, तर माझ्याकडे जड कसं यायचं?" शेवटी व्हर्लिनने विचारलं.

"देताना मेपलचा पाक घालायचो. नाहीतर तू ओळखलं असतंस."

"पाक? सहा हिवाळे मी पाक दाबत होतो?"

"आणि तू काय घातलंस? खरं सांग."

व्हर्लिनने सांगितलं. लोकरीच्या भुग्यापाशी डेलमरने हात वर करून त्याला थांबवलं. हार्लनच्या रिव्हॉल्व्हरची ही दशा करणारा माणूस आपला नातेवाईक आहे याचं दोघांनाही मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून ओपलचा आवाज आला, अगदी गोड. "काय रे, हा चाप फार अडकतोय. तुमच्यापैकी कोणी उघडून साफ करून देईल का मला?"

व्हर्लिन आपल्या बुटांकडे बघू लागला. डेलमरने मक्याच्या शेताकडे नजर लावली. दोघांनीही काही ऐकलं नव्हतं.