कपभर पोह्यांचं वजन

"कपबिप सोड आता, जमाना ग्रॅमचा हाय," असं बायकोला, सत्यवतीला सांगून जीवनने मोबाइल हातात घेतला आणि तिथूनच चिवड्याचं बिनसलं.

अलिबागच्या एका हॉटेलाने सत्यवतीच्या चिवड्याला पहिलीच मोठी मागणी दिली होती. पसंत पडला तर दर आठवड्याला घेणार होते. अट एकच, कृती ग्रॅममध्ये हवी. सत्यवतीचं सगळं माप मात्र एका कान तुटलेल्या कपाचं.

"एक कप म्हणजे दोनशे चाळीस," जीवनने मोबाइलवर वाचून जाहीर केलं. पुढे 'मिलिलिटर' असं लिहिलं होतं. तिथवर तो गेलाच नाही.

"सगळ्याचंच?"

"कप तोच, तर वजन तेच! मी टनांनी माल वाहतो, मला शिकवू नको."

सत्यवती भाचीच्या बारशाला माहेरी गेली. ती येईतो पोहे भाजून तिला चकित करावं, म्हणून जीवनने रेवदंड्याच्या बाजारातून रिक्षाभर पातळ पोहे आणले. "लगीन कुनाचं?" दुकानदाराने विचारलं. जीवनने नुसतं हसून घेतलं.

शेजारच्या सोनूबाईंना मदतीला घेऊन त्याने भाजायला सुरुवात केली. पातेली भरली, हंडे भरले, तांदळाचं पिंप भरलं. शेवटी ओटीवर चादरी अंथरल्या. फोडणी मात्र चमच्यांच्या मापाने, म्हणजे होती तेवढीच.

संध्याकाळी सत्यवती दारातच थबकली.

"अवो, पाय कुठं ठेवू?"

"सगळं मापात हाय," जीवन म्हणाला.

तिने चिमूटभर तोंडात टाकलं. "कपभर पोहे पाव किलो भरतात व्हय? ह्याला चव न्हाय, ढव न्हाय!"

भाजलेले पोहे दुकानदार परत घेणार नव्हता. सत्यवतीने पदर खोचला. मागणीपुरते पोहे बाजूला काढून त्यांना नीट फोडणी दिली. उरलेल्या ढिगाकडे बघून सोनूबाई म्हणाल्या, "माज्याकं सुका जवला हाय. लसून-मिरची घालून बगू का?"

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या रुचिकाताई माल न्यायला आल्या. सत्यवतीचा चिवडा त्यांनी पसंत केला. सोनूबाईंचा, बारीक सुक्या कोलंबीचा, चिवडा हातात घेतला आणि खातच राहिल्या.

"हा जवल्याचाही द्या. दर आठवड्याला. पण कृती ग्रॅममध्ये हं!"

सगळ्यांच्या नजरा जीवनकडे वळल्या. तो दुकानदाराचा छोटा काटा मागून घेऊन आला. कपभर पोहे तोलले. आकडा तीस ग्रॅमच्या आसपास जाऊन थांबला.

"काटा बिघडलाय," जीवन म्हणाला.

सत्यवतीने मिठाची किलोची बंद पिशवी काट्यावर ठेवली. काट्याने बरोबर एक किलो दाखवला.

जीवनने मान खाजवली, पोहे ओतून कप रिकामा केला आणि सोनूबाईंपुढे धरला.

"जवला द्या. पन शीग नको हां, सपाट भरा."