अस्पर्श नाण्याची परीक्षा

स्वच्छता हा सद्गुण खरा, पण तो कुठे आवरावा हे ज्याला कळतं त्यालाच सुसंस्कृत म्हणतात. भांडं घासलं की घर उजळतं. जुनं नाणं घासलं की घराणं बुडतं. चांदीला हवेतला गंधक सावकाश लागतो, तिच्यावर पातळशी साय धरते, आणि सायीच्या जाडीप्रमाणे आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा असे रंग चढतात. (शेवटी काळा. पण तोवर मालक बहुधा हयात नसतो.) या सगळ्यात माणसाने काहीही करायचं नसतं, म्हणूनच या विषयात तज्ज्ञ फार.

आमचे दंतवैद्य त्यांपैकीच. दिवसभर लोकांच्या दातांवरचे डाग खरवडायचे आणि संध्याकाळी नाण्यांवरचे डाग भिंगातून पाहून गहिवरायचे. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं जुनं चांदीचं नाणं रविवारी नाणेमंडळापुढे ‘अस्पर्श’ वर्गात जायचं होतं. मंडळाचा नियम कडक होता: नाणं घासलेलं निघालं, तर सभासदत्व तहहयात रद्द. (एकाने नाण्यावर नुसती फुंकर मारली होती. तो हल्ली पोस्टाची तिकिटं जमवतो.)

शुक्रवारी सासूबाई राहायला आल्या. शनिवारी सकाळी त्यांनी कौतुकाने तळहात पुढे केला.

“जावईबापू, किती हो काळं पडलं होतं! तुमचीच टूथपेस्ट लावली. बघा तरी, कसं लख्ख झालंय!”

दंतवैद्यांनी पाहिलं. नाण्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. तोही पांढराफटक होता.

ओरडायची सोय नव्हती (नाणं मूळचं त्यांच्याच यजमानांचं). दंतवैद्य शास्त्राला शरण गेले. अंडं चांगलं उकडून त्यांनी कापलं आणि नाण्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं. बायकोने डबा उघडलाच.

“अहो, बाबांचं नाणं नि अंडं शेजारी शेजारी का बसवलंत?”

“गंधक असतो त्यात. साठ वर्षांचं काम दिवसात होतं.”

“मग तुम्ही हात आधी बाहेर काढा. आहात तेवढे म्हातारे पुरेत.”

रविवारी मंडळाच्या अध्यक्षांनी ते सप्तरंगी नाणं उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. (भिंग टेबलावरच होतं.) दंतवैद्य दाराकडे सरकले.

“साठ वर्षं,” अध्यक्ष म्हणाले, “साठ वर्षं या नाण्याला मानवी हात लागलेला नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला क्रमांक. शेजारी बसलेल्या एका आजोबांचं नाणं खरोखरच कुणी शिवलेलं नव्हतं, त्यामुळे ते काळंकुट्ट होतं. ‘यावर काहीतरी प्रयोग केलेला दिसतो’ असा शेरा मारून ते बाद करण्यात आलं.

प्रमाणपत्र देताना अध्यक्ष दंतवैद्यांच्या कानाशी वाकले.

“किती मिनिटं उकडलंत?”

“बारा.”

“तरीच! मी दहावर उतरवतो. माझा निळा कधी धरतच नाही हो!”

परंपरा सुरक्षित हातांत असल्याबद्दल दोघांनीही समाधान व्यक्त केलं.

वाचकांनी खुशाल हसावं. हसून झालं की दिवाणखान्यात जावं, पाहुण्यांना ज्या पूर्वजाचा फोटो दाखवून आपण घराण्याचा मोठेपणा सांगतो त्याच्यासमोर उभं राहावं, आणि एक दीर्घ श्वास घेऊन कसला वास येतो ते पाहावं.