आनंदा ढोबळे यांची पर्यायी जागा

मिरजेत गाडीला मशीनने पॉलिश मारायचं असेल, तर आधी तिच्या रंगात राहणाऱ्या प्रतिबिंबांना पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटीस उलट्या अक्षरांत लिहून बॉनेटसमोर लावायची, म्हणजे आतल्यांना ती सुलटी वाचता येते. बहुतेक प्रतिबिंबं मुकाट्याने निघून जातात. मोटारीच्या रंगात मुक्काम ठोकून राहणारं असतं तरी कोण? शेजारचा एखादा रिकामटेकडा, नाहीतर मांजर.

दिवंगत डॉक्टर सबनीसांच्या काळ्या गाडीसमोर नोटीस लावली ती विजयमाला ढोबळेंनी. इलाहीभाई मुजावरांच्या गॅरेजात त्या तीन महिन्यांपासून कामाला होत्या. गाड्या धुणं, कडांना टेप लावणं एवढंच त्यांच्याकडे होतं. मशीन अजून हाती यायचं होतं. ही गाडी मात्र त्यांच्या ओळखीची होती. त्यांचे यजमान आनंदा ढोबळे यांनी डॉक्टरांचे ड्रायव्हर म्हणून ती बावीस वर्षं चालवली होती, आणि आनंदांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

चौथ्या दिवशी डॉक्टरांची मुलगी अनघाताई हरकत घेऊन आल्या. लेकीची पाठवणी आजोबांच्या गाडीतून करायची म्हणून गाडी चकचकीत हवी होती, पण बॉनेटमध्ये बाबा असतील तर त्यांना हलवू नये, असा त्यांचा अर्ज होता. हरकत आली की पाहणी होते. निरीक्षक घोरपडे बॅटरी घेऊन आले, बॉनेटवर वाकले आणि बोलता बोलता लिहू लागले.

"इसम एक. पुरुष. वय पन्नासच्या आसपास. अंगात खाकी शर्ट, हातात फडकं."

"बाबा खाकी कधीच घालत नव्हते," अनघाताई म्हणाल्या.

"मग ते तुमचे बाबा नसावेत," घोरपडे समजुतीच्या सुरात म्हणाले. "रंगात राहतो तो रोज रंगाकडं बघणारा. डॉक्टरसाहेब कुठं बसायचे?"

"मागच्या सीटवर. पेपर वाचत."

विजयमालांनी पुढे होऊन पाहिलं. आत आनंदा होते. डाव्या हाताने, म्हणजे उजव्याच, ते आतून बॉनेट पुसत होते. विजयमालांना आधी रागच आला. दोन वर्षं त्या फोटोला हार घालत होत्या, आणि हे गृहस्थ इथे गाडी पुसत बसले होते.

अनघाताईंना बाबा सापडले नाहीत याचं वाईट वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पण बाई मनाच्या सरळ. "माझी हरकत आनंदाकाकांसाठी धरा," त्या म्हणाल्या.

"धरता येत नाही. घरचं नातं लागतं."

"मी त्यांची मालकीण हाय की," विजयमाला म्हणाल्या.

"तुमचं नातं आहे, पण गाडी तुमची नाही. यांची गाडी आहे, पण नातं नाही."

"मग पॉलिशच नको!" अनघाताई म्हणाल्या.

"नोटीस एकदा लागली की पॉलिश होतंच, ताई. नाहीतर उद्या नोटिशीला कोण विचारील?" घोरपड्यांनी पान उलटलं. "नोकरमाणसाला हरकतीचा हक्क नाही, पर्यायी जागेचा आहे. घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं दुसरा रंग तयार करायचा. त्यावर ओरखड्यांची जाळी एक नको. तो बॉनेटसमोर उभा करायचा आणि त्याच हातानं बॉनेट पॉलिश करायचं. राहणारा इकडून तिकडं जातो."

"आणि जाळी राह्यली तर?"

"मग तो पॉलिशच्या कंपाउंडबरोबर फडक्यात येतो. फडकं धुवायला जातं."

हातात अकरा दिवस होते.

भंगारातल्या एका जीपचं गडद हिरवं दार शिकाऊ लोकांसाठी मागे पडलेलं असे. इलाहीभाईंनी तेच पर्यायी जागेसाठी काढलं, दोन स्टुलांवर आडवं ठेवलं आणि मशीन विजयमालांच्या हाती दिलं. वायर खांद्यावरून पाठीमागे. पॅड आधी रंगावर टेकवायचा, बटण मग. विजयमालांनी पहिल्या दिवशी बटण आधी दाबलं, आणि पांढऱ्या कंपाउंडने इलाहीभाईंची दाढी रंगली.

"काय हरकत न्हाई," दाढी पुसत ते म्हणाले. "आता दाबू नगा तेवढं. पातेलं घासताय व्हय? मशीनचं वजन बास हाय. तुमी नुसतं त्याला फिरायला घेऊन जायचं."

दुसऱ्या दिवशी पॅड तिरका धरला गेला आणि दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल जाळी उठली. उन्हात धरलं की दिसे, सावलीत नाही. चौथ्या दिवशी लोकरीचा पॅड काढून फोमचा लावायला त्या शिकल्या. मधूनच हाताची मागची बाजू रंगाला लावून बघायची. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर पाणी.

हे सगळं त्यांना जमलं. जमेना ते एकच. कोणी बोललं की विजयमालांचा हात थांबायचा. मोठं माणूस बोलत असताना आपलं काम चालू ठेवायचं नाही, हे त्यांच्या आईने लहानपणी अंगात मुरवलं होतं, आणि सासूने त्यावर पक्का हात फिरवला होता. पण फिरतं मशीन एका जागी थांबलं की रंग जळतो. हिरव्या दारावर रुपयाएवढे तीन डाग पडले. एक इलाहीभाईंनी "चहा घेणार?" म्हणून विचारल्याचा, दोन पोस्टमनचे.

"वहिनी, मशीन थांबंल, पर हात थांबाय नगं," इलाहीभाई म्हणाले. मग त्यांनी दाराचा डागांकडचा भाग विजयमालांच्याच हातून पुन्हा रंगवून घेतला, वाळू दिला आणि दिवसभर शेजारी उभं राहून मुद्दाम बोलत राहिले. मेव्हण्याची कर्मकहाणी सांगितली, बिर्याणीची कृती सांगितली. संध्याकाळी विजयमालांचा हात थांबेनासा झाला. बिर्याणी मात्र त्यांच्या लक्षात राहिली नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी घोरपड्यांनी उन्हात दारावर बॅटरी फिरवली. "जाळी नाही. जागा मंजूर." दार बॉनेटसमोर उभं केलं गेलं. अनघाताई जरा लांब, पदर हातात धरून उभ्या राहिल्या.

विजयमालांनी वायर खांद्यावर टाकली, पॅड टेकवला, बटण दाबलं. आनंदा पुसायचे थांबले आणि त्यांच्याकडे बघू लागले. बॉनेट अर्धं झालं तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले.

प्रतिबिंबांना आवाज नसतो. पण हा माणूस घरात कधी चार शब्द बोलला नव्हता. जेवायला बसला की "मीठ", उठला की "येतो". बावीस वर्षं विजयमाला वाट बघत होत्या की हे कधीतरी काही सांगतील, आणि आता पॅडखाली ते सांगत होते, भराभर, हात हलवून. विजयमालांच्या मनगटात जुनी खोड जागी झाली. हात जड झाला.

"वहिनी," इलाहीभाई म्हणाले, एवढंच.

हात थांबला नाही. त्यांनी यजमानांचं बोलणं मध्येच तोडलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि रडत रडत पॅड पुढे नेला, मागे आणला, कडेपर्यंत नेला. आनंदा खांद्यापर्यंत राहिले, मग फडकं तेवढं राहिलं, मग ते नव्हतेच. बॉनेटमध्ये स्वच्छ आभाळ होतं.

घोरपड्यांनी कंपाउंड पुसलेलं फडकं झटकून तपासलं. "फडक्यात कोणी नाही." मग दाराकडे बॅटरी नेली. "इसम एक. खाकी शर्ट. सही करा, ढोबळेबाई."

अनघाताई दारापाशी वाकल्या. "आनंदाकाका, येते," म्हणाल्या, आणि गाडी घेऊन गेल्या.

दार टेम्पोतून विजयमालांच्या घरी आलं. स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या भिंतीला ते टेकवलं गेलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. आनंदांनी आल्या आल्या आतून हँडलभोवतीची धूळ पुसून घेतली. विजयमालांनी गॅसवर वांग्याची भाजी टाकली आणि परतू लागल्या. हिरव्या दारात हालचाल झाली. ओठ पुन्हा हलायला लागले होते.

इथे काही जळण्यासारखं नव्हतं, भाजी सोडली तर. त्यांनी गॅस बंद केला, उलथणं खाली ठेवलं आणि दारासमोर पाट ओढून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "बोला आता. सावकाश बोला."